एकच आजी, दोन न्याय

नातवंडांना आजी-आजोबांनी वाढवावे, याचे गोडवे गाण्याची आमच्या सुशिक्षित वर्गाला मोठी हौस आहे. आईबाप पहाटेची गाडी धरून शंभर किलोमीटरवरील मुंबईस जातात, दिवेलागणीनंतर परततात आणि मूल दिवसभर आजीच्या हाती असते. कर्जतेत अशी घरे थोडी नाहीत. त्या मुलाच्या तोंडून एखादा श्लोक ऐकू आला की आपण 'संस्कार' म्हणून मान डोलावतो. त्याच कर्जत-खालापुराच्या कातकरी वाड्यांवरून आईबाप दिवाळीनंतर उचल फेडण्यासाठी वीटभट्टीवर जातात, ते पावसाळ्याच्या तोंडी परततात. जी मुले बरोबर नेली जात नाहीत ती आजीपाशी राहतात. येथे मात्र आमचा शब्द बदलतो. तिला आपण 'हेळसांड' म्हणतो! हा कोठला न्याय?

कोणी म्हणेल, ती आजी निरक्षर. ती काय शिकविणार? कडू कंद कोठे खणावा, तो चिरून, राख घालून, उकडून वाहत्या पाण्यात ठेवला म्हणजे खाण्याजोगा कसा होतो, हे त्या नातवाला ठाऊक असते. (हेच छापील पुस्तकात असते तर आपण त्याला रसायनशास्त्र म्हटले असते.) खैरापासून काथ काढणारी म्हणून ही जमात काथोडी, तो धंदा मागे पडला, बोली मात्र आजीच्या तोंडी राहिली. पहिलीच्या वर्गात ती बोली उमटली की इतर पोरे हसतात, आणि गुरुजी, मनात काही वाईट नसताही, 'नीट बोल' म्हणतात. त्या दिवशी मूल एवढेच शिकते की आपली आजी चूक आहे. पुढे ते कितीही शिकले तरी हा पहिला धडा पुसत नाही.

परंतु या आजीचे देव्हारे माजविणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. ती नातू सांभाळते ते कुलपरंपरेच्या हौसेने नव्हे, घरावर उचल आहे म्हणून. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली; २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा हक्क मिळाला; स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजनाही निघाली. तरी भट्टीची वाट चालूच आहे, आणि मागे राहिलेल्या म्हातारीच्या चुलीची चौकशी कोण करतो? नातवाच्या वाट्याचा शिधा तिच्या हाती पडू द्या. तिला शाळेच्या ओट्यावर बसवून पहिलीच्या मुलांशी तिच्याच बोलीत बोलू द्या. यात शाळेचा दर्जा घसरेल असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या घरच्या आजीलाही त्याच मापाने मोजावे.