चावरा कोण?
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या खानदेशात घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात, मग गावाकडचे विचारतात. पण गेल्या फाल्गुनात मामांच्या घरी जो पाहुणा आला, त्याला कुणी काही विचारले नाही. मामांनी आठवडे बाजारातून एक पोपट आणला होता. आम्ही सातही जणांनी पिंजऱ्याभोवती कोंडाळे केले आणि एकच धोशा लावला, "मिठू, विठू विठू बोल!" मिठू काही बोलला नाही. माझ्या धाकट्या मामेभावाने गजांतून बोट आत घातले, तेव्हा मात्र त्याने उत्तर दिले. बोटातून भळकन रक्त आले. मामी म्हणाल्या, "चावरा आहे मेला! परत देऊन या."

वार्षिकांकात पोपटावर लेख कशाला, असे कुणाला वाटेल. पण या एका पाखराने मला महिन्याभरात जे शिकवले, ते आपणा सर्वांपुढे ठेवावे असे मनापासून वाटते. विद्यार्थ्यांपुढे आणि, राग मानू नये, प्राध्यापकांपुढेही.

मी धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील सालदार. शिक्षणासाठी जळगावला मामांकडे राहते. पोपट परत द्यायचा नाही असा हट्ट मीच धरला, त्यामुळे त्याची जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली. शेजारपाजारचे सल्ले आले: चोचीवर टिचकी मार, एक दिवस उपाशी ठेव, तोंडावर पाणी मार. मामांनी टिचकी मारून पाहिली. दुसऱ्या दिवशी पोपट दुप्पट चावला. तेव्हा दारात बसलेली आजी अहिराणीत म्हणाली, "त्याले भ्याव वाटस. तो काय तुना दुश्मन शे का?"

आजी शाळेत गेलेली नाही. पण नंतर मी ग्रंथालयातून पक्ष्यांवरची जी पुस्तके आणली, त्यांचे सार आजीच्या त्या दोन वाक्यांत आधीच आलेले होते. पोपट खोडीने चावत नाही. त्याला पळून जाता येत नाही, म्हणून तो चावतो. मोकळा पोपट भ्यायला तर उडून जातो. ज्याचे पंख कातरले आहेत आणि ज्याला चहूबाजूंनी गज आहेत, त्याच्यापाशी चोचीवाचून दुसरे काय उरते?

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की चोच हे पोपटाचे शस्त्र नाही, तो त्याचा हात आहे. त्याच्या वरच्या चोचीला बिजागरीसारखा सांधा असतो. चढताना तो आधी चोचीने धरतो, मग पाय टाकतो. नवी फांदी पेलेल की नाही, हेही चोचीनेच चाचपून पाहतो. आपण बोट पुढे केले आणि त्याने चोच लावली की आपण किंचाळून हात मागे ओढतो. तो बिचारा पायरी चाचपत होता, आपण पायरीच काढून घेतली!

मग मी पोपटाला शिकवण्याचा नाद सोडला आणि घराला शिकवायला घेतले. पिंजरा दारावर, तापणाऱ्या पत्र्याखाली टांगलेला होता. जळगावच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो हे सांगायला नको. तो मी आतल्या भिंतीला लावला. डोळ्यांच्या उंचीवर, चुलीच्या धुरापासून दूर. तीन बाजूंनी आजीचे जुने लुगडे घातले, म्हणजे मागून कुणी येईल ही धास्ती राहिली नाही. रात्री लवकर अंधार, कारण पक्ष्याला दहा-बारा तास झोप लागते. चार दिवस कुणीही हात घालायचा नाही. मी फक्त जवळ बसून राज्यशास्त्राच्या नोट्स हळू आवाजात वाचायची. तिसऱ्या दिवशी तो एका पायावर उभा राहून पिसे फुलवून डुलक्या घेऊ लागला. राज्यशास्त्राने श्रोत्याला झोप येणे नवीन नाही, पण भेदरलेला पक्षी परक्यासमोर डोळे मिटत नाही, हे मला ठाऊक होते.

त्यानंतर लांब हिरवी मिरची. एक टोक माझ्या हातात, दुसरे त्याच्या चोचीत. आमच्या दोघांत वीतभर अंतर, आणि ते दोघांनाही सोयीचे! (आपल्याला झोंबणारा मिरचीतला अंश पक्ष्यांना तिखट लागत नाही. खानदेशी माणसाने गर्व करू नये.) मग भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड. मिरचीच्या जागी हळूहळू बोट.

या काळात मी त्याची भाषा शिकले. चावण्याआधी तो तीन-चारदा सांगत असे: पिसे अंगाशी घट्ट ओढायची, बुबुळे भराभर लहानमोठी करायची, शेपूट पसरायची, चोच उघडून पुढे झुकायचे. एवढे सांगूनही आपण ऐकले नाही तर तो चावणार. आपण त्या चावण्यालाच सुरुवात समजतो. वास्तविक ते त्याचे शेवटचे वाक्य असते. तो झुकला की मी हात थांबवू लागले. झटका नाही, ओरडणे नाही. अठराव्या दिवशी तो आपणहून माझ्या बोटावर आला. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे, दोन मागे. ती घट्ट पकड मला अजून आठवते.

इथे थोडे माझ्याविषयी. प्रथम वर्षाला आले तेव्हा मीही भिंतीकडेच्या शेवटच्या बाकावर बसत असे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कुणी नाव विचारले तरी मी फटकन उत्तर द्यायची. मुली मला 'तिखट' म्हणत. उभे करून "बोल, बोल" म्हणणारे पुष्कळ भेटले. एका बाईंनी मात्र मला कधी उभे केले नाही. त्या रोज जाता जाता माझ्या वहीकडे पाहून फक्त "छान" म्हणत. दिवाळीनंतर मी आपणहून हात वर केला. पाठांतराला आपण पोपटपंची म्हणून हिणवतो, पण नव्या जिवाकडून पहिल्याच दिवशी पोपटपंचीची अपेक्षा कोण करतो? आपणच ना!

पण माझे मत एवढ्यावरच थांबले असते तर हा लेख गोड झाला असता. पोपट बोटावर आला, आणि त्याच आठवड्यात मला कळले की तो आमच्याकडे असणेच गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपटांना संरक्षण आहे. 1991 च्या दुरुस्तीने देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली, आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीतही ते संरक्षण कायम राहिले. 'लव्हबर्ड' म्हणून विकतात ते बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पिंजऱ्यातच पैदास झालेले. त्यांना ही बंदी नाही. पण आमचा मिठू कुणीतरी झाडाच्या ढोलीतून काढलेले पिल्लू होते. ढोली फोडली की ती पुन्हा कुणाच्याच कामी येत नाही. आपल्या सातपुड्यातला रानपिंगळाही ढोलीतच घरटे करतो. 1884 नंतर नाहीसा झाला असे समजलेला हा पक्षी 113 वर्षांनी, 1997 साली, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. ज्या ढोल्यांसाठी जगभरचे अभ्यासक इथे येतात, त्या आपण विठू विठू ऐकण्यासाठी फोडायच्या काय?

मामा म्हणाले, "मग पिंजरा उघडून दे, पुण्य लागेल." तेही खरे नाही. कातरलेली पिसे नव्याने यायला वेळ लागतो, आणि माणसाला न भिणारे पाखरू बाहेर मांजराच्या तोंडी जाते. मी त्याचे भय घालवले, म्हणजे एका अर्थी त्याचे संरक्षणच काढून घेतले. हे शल्य मला आहे. म्हणून माझे मत असे: नवा पोपट चावायचा कसा थांबवावा, हे जरूर शिकावे, पण देशी पोपट घरात आला असेल तर तो चावायचा थांबेपर्यंतही वाट पाहू नये. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. आणि पिंजऱ्यात पैदास झालेला परदेशी पक्षी आणणार असाल, तर पहिले चार दिवस त्याला बोलायला सांगू नका.

चैत्रात वन विभागाचे लोक आले. उडण्याची ताकद आली तर सोडू, नाहीतर सांभाळू, म्हणाले. मामेभाऊ रडला, मी रडले नाही असे लिहिले तर खोटे होईल. त्यांच्यातल्या एकाने कातडी मोजा घालून हात आत घातला. मिठूने पिसे आवळली, शेपूट पसरली, पुढे झुकला, आणि कडकडून चावला.

मामी म्हणाल्या, "पाहिलेस? चावरा तो चावराच!"

मला मात्र फार बरे वाटले.