रेडिसने लायसन्स दोनदा बदललं! ओपन सोर्समधलं हे लायसन्स प्रकरण नेमकं आहे तरी काय?

फोनची सेटिंग्ज उघडा, 'अबाउट फोन'मध्ये जा. तिथे 'लीगल इन्फॉर्मेशन' किंवा तशाच नावाखाली ओपन सोर्स लायसन्सची एक यादी सापडेल. स्क्रोल करत राहा, संपता संपत नाही. ती कोणी वाचत नाही, मान्य! पण तुमच्या जुन्या फोनवर नवीन अँड्रॉइड टाकता येईल का, हे बऱ्याच अंशी त्या कंटाळवाण्या मजकुरावर ठरतं.

आधी बातमी समजून घेऊ. रेडिस हे डेटा थेट रॅममध्ये ठेवून झटपट देणारं सॉफ्टवेअर. लॉगिन सेशन, गेमचे लीडरबोर्ड अशा कामांसाठी असंख्य अ‍ॅप्सच्या सर्व्हरवर ते चालतं. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने २००९ मध्ये ते बनवलं आणि बीएसडी लायसन्सखाली सगळ्यांना देऊन टाकलं. पुढे त्याभोवती कंपनी उभी राहिली. रेडिसचा गाभा बीएसडीच राहील, असं २०१८ साली जाहीरपणे सांगितलंही गेलं. मार्च २०२४ मध्ये मात्र कंपनीने घोषणा केली की पुढच्या आवृत्तीपासून बीएसडी बंद. त्या जागी दोन नवी लायसन्स आली आणि त्यातलं एकही ओपन सोर्सच्या मान्य व्याख्येत बसत नव्हतं. आठवडाभरात लिनक्स फाउंडेशनने रेडिसच्या शेवटच्या मोकळ्या कोडवरून 'वाल्की' नावाचा वेगळा प्रकल्प सुरू केला. अ‍ॅमेझॉन, गूगल, ओरॅकल त्याच्या मागे उभे राहिले. मग मे २०२५ मध्ये रेडिसने यू-टर्न घेतला आणि एजीपीएल हा ओपन सोर्स पर्याय दिला.

आता बीएसडी काय, एजीपीएल काय? ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण कोड दिसतो याचा अर्थ तो हवा तसा वापरता येतो असा होत नाही. भारतातही कॉम्प्युटर प्रोग्रामला कॉपीराइट कायद्यात 'साहित्यकृती'चा दर्जा आहे. म्हणजे कोड लिहिला की हक्क लिहिणाऱ्याचा. इतरांना त्यातलं काय करायची मुभा आहे, हे लायसन्स सांगतं.

एमआयटी, बीएसडी आणि अपाची ही एकदम दिलदार मंडळी. कोड घ्या, बदला, विका, तुमच्या बंदिस्त अ‍ॅपमध्ये घाला. फक्त मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर काढू नका. अपाचीमध्ये पेटंटबद्दलची एक जास्तीची हमी असते, म्हणून मोठ्या कंपन्यांना ते आवडतं.

जीपीएलचा स्वभाव वेगळा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये ते आणलं. त्याची अट अशी: माझा कोड वापरून बनवलेलं सॉफ्टवेअर लोकांना दिलंत, तर त्याचा सोर्स कोडही याच अटींवर द्या. मी तुला दिलं, तू पुढच्याला दे. बदल करून घरात, स्वतःपुरतं वापरलंत तर काहीच देणं लागत नाही.

तुमच्या फोनमध्ये या दोन्ही जाती एकत्र नांदतात. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे, तो जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. त्यावरचं बरंचसं अँड्रॉइड अपाचीखाली. त्यामुळे सॅमसंगला आपल्या वन यूआयचा कोड झाकून ठेवता येतो, पण फोनमधल्या कर्नलचा कोड मात्र द्यावाच लागतो. कंपनीने अपडेट थांबवलेल्या फोनसाठी लिनेज ओएससारखे रॉम बनवणारी मंडळी याच कोडवर काम सुरू करतात. काही कंपन्या तो द्यायला महिनोन्‌महिने लावतात, तेव्हा डेव्हलपर मंडळी का चिडतात ते आता लक्षात येईल. कॅमेरा आणि मोडेमचे बरेचसे भाग तरीही बंदच असतात, म्हणूनच कस्टम रॉम टाकल्यावर फोटोंची क्वालिटी घसरल्याच्या तक्रारी येतात.

जीपीएलमध्ये एक फट होती. सॉफ्टवेअर 'दिलं' तरच अट लागू होते. पण सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर तुमच्या हातात येतच नाही, तुम्हाला दिसते फक्त वेबसाइट. मग कोड द्यायची गरजच नाही! ही फट बुजवण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएलची सध्याची आवृत्ती आली. त्यानुसार, बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून लोकांना वापरू दिलंत, तरी त्यांना कोड मिळाला पाहिजे.

रेडिसचं भांडण नेमकं इथलंच. क्लाउड कंपन्या रेडिस घेऊन, सेवा म्हणून विकून पैसे कमवत होत्या आणि बीएसडीमध्ये तसं करायला पूर्ण परवानगी होती. कंपनीला ते खुपणं समजू शकतं. पण बाहेरच्या ज्या प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षं फुकट कोड लिहून दिला, त्यांना कोणी विचारलं नाही आणि माझ्या मते खरा विश्वासघात त्यांचा झाला. गंमत म्हणजे कायद्याने त्यांना विचारायची गरजही नव्हती, कारण बीएसडीचा दिलदारपणा सगळ्यांनाच लागू, अगदी पुढची आवृत्ती बंद करणाऱ्या कंपनीलाही. जुन्या आवृत्तीचं लायसन्स मात्र कोणालाच मागे घेता येत नाही, म्हणून तर वाल्की जन्मलं. लिनक्स कर्नलच्या बाबतीत असं करणं जवळपास अशक्य आहे. तिथे हजारो लोकांचा कॉपीराइट आहे आणि जीपीएल बदलायचं तर त्यांची संमती लागेल.

आता तुमच्याकडे येऊ. कॉलेजचा प्रोजेक्ट गिटहबवर टाकताना बरेच जण लायसन्सची फाइल टाकतच नाहीत. 'पब्लिक आहे ना, मग झालं!' नाही झालं. लायसन्स नसेल तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि तुमचा कोड आपल्या कामात वापरायची परवानगी कोणालाच मिळत नाही. लोकांनी बिनधास्त वापरावा असं वाटत असेल तर एमआयटी टाका. कोणी तो घेऊन बंद अ‍ॅप बनवलं तर पोटात दुखेल असं वाटत असेल तर जीपीएल. वेब सर्व्हिस असेल तर एजीपीएल.

दुसऱ्याचा कोड घेतानाही बघा. व्हिडिओ एडिटिंग अ‍ॅप बनवणारे बहुतेक जण एफएफएमपेग घेतात. ते मुळात एलजीपीएलखाली आहे, म्हणजे काही अटी पाळून बंद अ‍ॅपसोबत चालतं. पण त्यात एक्स२६४ जोडून बनवलेली फाइल घेतलीत, तर मामला थेट जीपीएलचा होतो आणि प्ले स्टोअरवर टाकलेल्या अ‍ॅपचा कोड द्यायची वेळ येते. फॉन्टचं तसं सोपं असतं. एक टाइपचा 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. अ‍ॅपमध्ये, पोस्टरवर, पुस्तकात खुशाल वापरा. नुसता फॉन्ट वेगळा काढून विकू नका.

आणि एआय मॉडेल डाउनलोड करणार असाल तर 'ओपन' या शब्दावर जाऊ नका. मेटाने लामा २ ला ओपन सोर्स म्हटलं, पण त्याच्या लायसन्सनुसार महिन्याला ७० कोटींहून जास्त युजर असलेल्या कंपन्यांना मेटाची वेगळी परवानगी लागते, शिवाय काही वापरांवर बंदी आहे. याउलट चीनच्या डीपसीकने आर१ हे मॉडेल जानेवारी २०२५ मध्ये एमआयटीखाली सोडलं. मात्र ते कोणत्या डेटावर शिकवलं, तो डेटा त्यांनीही दिलेला नाही.