गच्चीवरच्या सायकलीचा रास्त भाव



मागील लेखात बँकेतील ठेवी आणि नामनिर्देशन यांचा विचार केला होता. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर बँकेतली रक्कम कागदपत्रांच्या आधारे उशिरा का होईना, मार्गी लागते. खरी अडचण येते ती कपाटातल्या, माडीवरच्या आणि गच्चीवरच्या वस्तूंची. त्यांचे नामनिर्देशन नसते आणि त्यांच्यावर किंमतही लिहिलेली नसते. या वेळी अशाच एका वस्तूविषयी लिहितो.

लातूरला गंजगोलाईच्या परिसरात कापडाचे दुकान असलेले माझे एक स्नेही २०२३ मध्ये निवर्तले. टाळेबंदीनंतरच्या दिवसांत, म्हणजे २०२१ च्या फेब्रुवारीत, त्यांनी पुण्याहून एक रोड बाइक आणली होती. आपल्याकडे बाइक म्हटले की मोटारसायकल समजतात. ही मात्र बारीक टायरांची, खाली वळलेल्या हँडलची, दहा किलोच्या आसपास वजनाची सायकल. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत जोडीने पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच एकट्याने पुरी केली. तेव्हापासून आपल्या भागातही पन्नाशीच्या डॉक्टरांना आणि व्यापाऱ्यांना या सायकलींचे वेड लागले. आमचे स्नेही पहाटे सामायिक आटोपून चाकूरपर्यंत जात आणि दुकान उघडण्यापूर्वी परत येत.

ते गेल्यानंतर सायकल गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत उभी राहिली. गेल्या दिवाळीपूर्वी घराची आवराआवर निघाली तेव्हा वहिनींचा मला फोन आला. नांदेडच्या त्यांच्या मावसदिरांनी आपल्या मुलासाठी सायकल मागितली होती. “जुनी सायकल ती, भंगारात किलोवर जाईल. आठ हजार देतो,” असे त्यांचे म्हणणे. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणे, पन्नास हजारांच्या खाली द्यायची नाही. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही आयुष्यभर तारण मोजले. एवढी एक किंमत सांगा. घरच्या माणसाकडून पैसे मागायला मला संकोच वाटतो, आणि ह्यांची वस्तू मातीमोल द्यायलाही मन होत नाही.”

बँकेत आम्ही एकाच वस्तूच्या तीन किमती मांडत असू. बाजारात सवडीने विकली तर येईल ती पहिली, हमखास वसूल होईल ती दुसरी, आणि घाईने विकावी लागली तर हाती पडेल ती तिसरी. जप्त ट्रॅक्टरांच्या लिलावात ही तिसरी किंमत मी पुष्कळदा पाहिली आहे. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. पण त्याला अक्कल असते, सवड नसते. वहिनींना कोणतीही घाई नव्हती. तरीही घरच्यांनी त्यांच्यापुढे ठेवलेली किंमत मात्र तिसरी होती.

मुलाचा हिशेब आधी तपासला. सायकल ६२,००० रुपयांची, वर बूट, हेल्मेट, दिवे, वेग दाखवणारे यंत्र असे १४,००० चे साहित्य; एकूण ७६,०००. त्यातून थोडे वजा करून तो पन्नासावर आला होता. पण खरेदीचा भाव हा विक्रीच्या भावाचा पाया होत नाही. भरल्या भावात घेतलेली तूर आपण आज त्याच भावाने विकू शकतो काय? २०२१ मध्ये जगभर सायकलींना अचानक मागणी आली होती, गिअरचे सुटे भाग मिळत नव्हते, दुकानदार सांगतील ती किंमत द्यावी लागे. दोन वर्षांत चित्र उलटले, गोदामे भरली आणि सवलतींचे फलक लागले. म्हणून मी पाया धरला तो आज त्याच प्रतीची नवी सायकल काय किमतीला मिळते याचा. पुण्याच्या दुकानाने ऑगस्टमध्ये ५८,००० सांगितले होते. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ५८,००० मधून जुना कर काढून नवा लावला की ५४,३७५ रुपये होतात. नव्या मालावरचा कर उतरला की त्याच रात्री घरोघरच्या जुन्या मालाचा भावही उतरतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

येथे ‘त्याच प्रतीची’ हे शब्द महत्त्वाचे. रोड बाइकची प्रत रंगावरून किंवा नावावरून ठरत नाही, ती गिअरसंचावरून ठरते. शिमानो या जपानी कंपनीच्या संचांत मागे आठ दात्यांची चक्रे असलेला क्लॅरिस, नऊचा सोरा, दहाचा टियाग्रा, आणि अकरा किंवा बारांचा ‘१०५’ अशा चढत्या पायऱ्या आहेत. आमची सायकल सोरा संचाची, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची आणि पुढचा फोर्क कार्बनचा.

घसारा दोन रीतींनी काढला. आयकरात यंत्रसामग्रीला लागणारा १५ टक्क्यांचा, दरवर्षी उरलेल्या किमतीवर काढायचा घसारा पाच वर्षे लावला तर सुमारे २४,१०० उरतात. दुसरी माझी रीत व्यवहारातली: दुकानाबाहेर पडलेल्या सायकलीचा पहिल्या वर्षी चौथा हिस्सा जातो, पुढे दरसाल १२ टक्के. तिने सुमारे २४,४०० आले. दोन वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या तरी मला समाधान वाटेना, कारण कागद फक्त वय जाणतो. सायकलीवरच्या यंत्रात एकूण धाव ३,८०० किलोमीटर दिसत होती. रोज पन्नास किलोमीटर जाणारा माणूस तेवढी चार महिन्यांच्या आत पुरी करतो. पुणे आणि हैदराबाद येथे अशा सायकलींच्या जाहिरातींत तीस ते छत्तीस हजारांची मागणी होती. पण मागणी म्हणजे सौदा नव्हे, दहा-पंधरा टक्के खालीच व्यवहार होतात. हे सर्व धरून, चालती आणि निर्दोष असती तर तिची किंमत २८,००० असे मी ठरवले.

असती तर. सोयाबीनचा भाव पुकारला तरी ओलावा, माती आणि डागी दाणे यांची कपात व्हायचीच असते. तेव्हा मी एका रविवारी लातूरला गेलो आणि गल्लीतल्या सायकल मिस्त्रीला घेऊन गच्चीवर चढलो. चेनची परीक्षा सोपी आहे. पोलादी इंची पट्टी लावून चेनच्या बारा पूर्ण कड्या मोजाव्यात. नव्या चेनच्या नेमक्या बारा इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरल्या की चेन बदलायची. एक अष्टमांश भरल्या तर तिने मागची दातेरी चक्रेही खाल्ली असे समजावे. आमची चेन सोळांशावर होती, चक्रे वाचली होती. टायरांची नक्षी शाबूत होती, पण पत्र्याखालच्या दोन उन्हाळ्यांनी कडांना भेगा पडल्या होत्या. लातूरच्या मे महिन्यात रबराला न वापरण्याचाही घसारा लागतो! मिस्त्रीने हिशेब दिला: चेन १,४००, दोन टायर ३,६००, ट्यूब ७००, तारा आणि साफसफाई १,८००, हँडलची पट्टी ६००.

मग मिस्त्रीने मागच्या गिअरकडे बोट दाखवले. तो किंचित आत वळलेला होता आणि उजव्या ब्रेकच्या मुठीवर ओरखडे होते. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, “एकदा पडले होते ते. मला सांगितले नव्हते, शर्टावरून कळले.” गिअर ज्या छोट्या तुकड्याने फ्रेमला जोडलेला असतो त्याला हँगर म्हणतात, फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. त्याचे ९०० रुपये. एकूण कपात ९,०००. पण पडल्याची गोष्ट ९०० रुपयांत संपत नाही, कारण कार्बनच्या फोर्कला आत तडा असेल तर तो बाहेरून दिसत नाही, आणि उतारावर तो मोडला तर बसणाऱ्याच्या जिवावर बेतते.

मुलाने फोनवर विचारले, “काका, हे सांगायलाच हवे का? दिसत तर नाही.” तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला मापातला कमी-अधिकपणा आपण व्यापारी लोक लहानपणापासून ऐकतो. प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एक दाखवून दुसरे देणे, हाही त्याच यादीत आहे, आणि झाकलेला तडा त्यातच मोडतो. मी त्याला एवढेच म्हटले की तुझ्या वडिलांनी कपड्याच्या ताग्यातला डाग गिऱ्हाइकाला आधी दाखवला नसता, तर चाळीस वर्षे ते दुकान चालले नसते. तो पुढे काही बोलला नाही. त्याच यादीत चोरून आणलेला माल घेणे हाही अतिचार आहे, म्हणून घेणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच करून ठेवतो: पायडलच्या धुरीखाली फ्रेमवर कोरलेला क्रमांक बिलाशी ताडून पाहिल्याशिवाय जुनी सायकल घेऊ नये. आमच्याकडे बिल होते, दुकानाच्या २०२१ च्या चोपडीत लावलेले.

२८,००० मधून ९,००० वजा जाता आहे त्या स्थितीत १९,०००. दिवे, पायडल आणि यंत्र यांचे मिळून ३,०००. बूट मापाचे असतात, त्यांना किंमत धरली नाही. हेल्मेटलाही धरली नाही. पडताना एकदा मार खाल्लेले हेल्मेट विकू नये आणि फुकटही देऊ नये. मागायची किंमत २२,०००, आणि २०,००० च्या खाली उतरायचे नाही. हा दोन हजारांचा पट्टा घासाघिशीसाठी ठेवला नाही. माझ्या अंदाजातली चूक तेवढी असू शकते असे मला वाटले. तीस सांगून वीसला देणारे पुष्कळ असतात. त्यात पहिल्या वाक्यापासूनच दोघांचा विश्वास उडतो.

नांदेडच्या मावसदिरांना हा कागद मीच दाखवला. प्रथम ते नाराज झाले, “घरात काय हिशेब मांडता?” असेही म्हणाले. मी मुलाची उंची विचारली. पाच फूट तीन इंच. सायकलची फ्रेम ५४ सेंटिमीटरची, साडेपाच फुटांच्या वरच्या माणसाची. रोड बाइक ही बुटासारखी असते. सीट खाली-वर करून ती मापात बसत नाही, पाठ आणि मनगटे धरतात. आठ हजारांनाच काय, फुकट मिळाली असती तरी ती त्या मुलाला महागच पडली असती. हे पटल्यावर त्यांचा राग गेला, आणि गिऱ्हाईकही त्यांनीच आणले.

ते नांदेडचे एक शिक्षक, उंची पाच फूट आठ इंच, २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी करणारे. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेल्या साडेतेरा तासांत अंतर पुरे करायचे. आम्ही त्यांना पडल्याचे आधी सांगितले, मग किंमत. त्यांनी आपल्या माहितीच्या मिस्त्रीकडून फोर्क उतरवून तपासून घेतला, तडा नव्हता. तरी ते अठरा हजार म्हणाले. मी कपातीचा कागद पुढे ठेवला. त्यातली प्रत्येक ओळ त्यांनी वाचली आणि २१,००० वर सौदा ठरला. दुरुस्ती धरून त्यांना सायकल तीस हजारांत पडली.

रक्कम वहिनींच्या खात्यात थेट जमा झाली. घरच्या वापराची सायकल आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता ठरत नाही आणि अशा खासगी विक्रीवर जीएसटीही लागत नाही. मात्र ती पेढीच्या खात्यात मालमत्ता म्हणून दाखवली असेल तर आपल्या लेखापालांना आधी विचारावे. पावतीवर फ्रेमचा क्रमांक, तारीख, रक्कम, ‘पूर्वी एकदा पडलेली, घेणाऱ्याने तपासून घेतली’ हे वाक्य आणि दोघांच्या सह्या, एवढे घातले.

हेल्मेटचे पट्टे मी कात्रीने कापले. वहिनींनी पावतीची एक प्रत मागून घेतली, २०२१ ची चोपडी काढली आणि सायकलीच्या बिलाशेजारी ती टाचून ठेवली.