हाड जुळल्यानंतरचे दुखणे

पावसाळा सुरू झाला की शेवाळलेल्या फरशीवर, रेल्वेच्या जिन्यावर किंवा बसच्या पायरीवरून पाय घसरून घोटा मोडल्याच्या घटना गावोगाव कानी येऊ लागतात. अशा रुग्णाविषयी समाजाची समजूत मोठी सोपी असते. शस्त्रक्रिया झाली, पट्टी आणि स्क्रू बसले, काही आठवड्यांनी क्ष-किरण चित्रात हाड जुळल्याचे दिसले, की प्रकरण मिटले! वस्तुतः रुग्णाच्या दृष्टीने अर्धे दुखणे तेथून पुढे सुरू होते. हाड जुळणे आणि माणूस बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि त्यांतील दुसरीची जबाबदारी आपल्याकडे क्वचितच कोणी स्वीकारतो.

घोट्याची रचना मुळातच चोख असते. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या शेजारचे बारीक हाड यांच्या खालच्या टोकांनी एक खाच तयार होते व पावलाचे सर्वांत वरचे हाड त्या खाचेत, कुशल सुताराने सांधलेल्या लाकडासारखे, नेमके बसते. हे हाड एक मिलिमीटर जरी बाहेरच्या अंगास सरकले, तरी सांध्यातील पृष्ठभागांचा परस्परस्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते. सरकलेली हाडे जागच्या जागी बसविण्याचा आग्रह शल्यविशारद धरतात तो यासाठीच. १९५८ साली स्वित्झर्लंडमधील काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन अस्थिशल्याचे जे तंत्र रूढ केले, त्याचे एक प्रमुख सूत्र असे होते की, हाड पक्के बसवायचे ते सांध्याची हालचाल लवकर सुरू करता यावी म्हणून. अर्थात शस्त्रक्रिया हे साधन आणि चालणे हे साध्य. आपल्याकडे मात्र साधन हाती येताच साध्याचा विसर पडतो.

बहुतेक रुग्णांना काही आठवडे, पुष्कळदा सहा आठवडे, पायावर भार देण्याची मनाई असते. त्यानंतर उघड्या पडलेल्या पायाकडे पाहून रुग्णाला धक्काच बसतो. पोटरी सुकलेली, सांधा आखडलेला, आणि संध्याकाळ झाली की घोट्यावर सूज. ही सूज कित्येक महिने येत-जात राहते. सुधारणेची गतीही मंद असते आणि ती वर्षभर चालू राहू शकते. स्नायूंत बळ आणणे, सांधा मोकळा करणे, एका पायावर तोल सावरणे हे सारे पुन्हा शिकावे लागते. त्यासाठी फिजिओथेरपी हवी. पण रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर गोळ्यांची नावे असतात, फेरतपासणीची तारीख असते. व्यायामाविषयी पुष्कळदा जेमतेम एक ओळ असते. मग कोणी घाबरून पाय हलवीतच नाही, तर कोणी घाईने जोरजोरात मालीश करून घेतो. दोन्हींत हानी सांध्याचीच होते.

शरीराची ही कथा निदान दिसते तरी. मनाची दिसत नाही. काल घर चालविणाऱ्या माणसाला आज पाण्याच्या तांब्यासाठी हाक मारावी लागते, स्नानगृहात जाण्यासाठी दुसऱ्याचा खांदा शोधावा लागतो. घरातील गृहिणी अंथरुणाला खिळली, तर वेदनेपेक्षा तिला अपराधीपणाच अधिक टोचतो. झोप उडते, चिडचिड वाढते, जिना दिसला की पुन्हा पडण्याच्या भीतीने पाऊल अडते. भेटीस येणारे ‘अजून बरा नाही का झाला पाय?’ असे विचारतात, तेव्हा त्यामागे मायाच असते. परंतु रुग्णाला त्यातून आपल्या आळसाची चौकशी ऐकू येते.

ही केवळ हळव्या मनाची तक्रार नव्हे. मज्जाविकारांचे नामवंत चिकित्सक ऑलिव्हर सॅक्स १९७४ साली नॉर्वेतील डोंगरावर पडले आणि त्यांच्या मांडीच्या स्नायूचा कंडरा तुटला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण तो पाय आपला वाटेनासा झाला, आणि ही तक्रार शल्यविशारदाने मनावरच घेतली नाही, असे त्यांनी १९८४ च्या ‘अ लेग टू स्टँड ऑन’ या पुस्तकात लिहिले आहे. एका डॉक्टरचीच जिथे ही कथा, तिथे सामान्य कारकुनाने किंवा शिक्षकाने आपली भीती कोणापुढे मांडावी?

त्यातही बरे होण्याची संधी सर्वांना सारखी मिळत नाही. राज्य शासनाच्या कायम कर्मचाऱ्याला अर्धवेतनी रजा आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मिळते. राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारलाभ मिळू शकतो. पण तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे काय? न घेतलेल्या तासाचे त्याला मानधन नाही. असा माणूस सूज उतरण्यापूर्वीच काठी टेकत वर्गाचा जिना चढतो. आणि समाज त्याच्या जिद्दीचे कौतुक करतो! जिला जिद्द म्हटले जाते, ती पुष्कळदा निव्वळ लाचारी असते.

येथे फार मोठ्या खर्चाचे उपाय हवे आहेत असेही नाही. रुग्णाला घरी सोडताना कोणता व्यायाम केव्हा सुरू करावा आणि कोणती लक्षणे दिसताच तातडीने परतावे, हे मराठीत लिहून देता येईल. पोटरीत अचानक दुखू लागले किंवा धाप लागली, तर तो रक्ताच्या गुठळीचा इशारा असू शकतो, एवढे जरी त्यात असले तरी एखादा जीव वाचेल. फेरतपासणीच्या वेळी डॉक्टरने ‘झोप लागते का, भीती वाटते का’ हे दोन प्रश्न विचारण्यास दोन मिनिटेही पुरतात. कचेरीत तळमजल्यावरचे टेबल, पहिले काही आठवडे कमी वेळाचे काम, परीक्षार्थी विद्यार्थ्यास जिना चढावा न लागेल अशी बैठक, ही व्यवस्था मुख्याध्यापकाच्या किंवा कार्यालय-प्रमुखाच्या एका सहीने होऊ शकते. मानधनावर राबणाऱ्यांच्या आजारपणाची तरतूद मात्र शासनालाच करावी लागेल. ती सद्भावनेवर सोपविता येणार नाही.

कुबडी सुटली म्हणजे आधाराची गरज संपली, असे घरानेही मानू नये आणि कचेरीनेही. मोडलेला घोटा दुरुस्त करण्याची विद्या आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचू लागली आहे. त्या घोट्यावर पुन्हा विश्वासाने उभे राहण्यासाठी माणसाला जो अवधी लागतो, तो देण्याची रीत अद्याप पोहोचायची आहे.