विश्लेषण : पक्कं घर दिलं की सरकारची जबाबदारी संपते? माहुल प्रकरणात उच्च न्यायालय काय म्हणालं?

चेंबूरच्या दक्षिणेला, तेलशुद्धीकरण कारखान्यांना अगदी लागून माहुल आहे. इथल्या एव्हरस्माइल नगरात प्रकल्पग्रस्तांसाठी 72 इमारती उभ्या आहेत. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर 2017 मध्ये विद्याविहार आणि आसपासच्या हजारो कुटुंबांना इथे पाठवण्यात आलं. झोपडीच्या बदल्यात 225 चौरस फुटांचं पक्कं घर. तरीही ही माणसं सरकार आणि महापालिकेविरोधात मुंबई उच्च न्यायालयात गेली. विशेष म्हणजे जलवाहिनीजवळच्या झोपड्या हटवण्याचे आदेशही याच न्यायालयाचे होते.

मग तक्रार कशाची होती?

तक्रार होती हवेची. माहुल गावच्या रहिवाशांनी प्रदूषणाविरोधात राष्ट्रीय हरित लवादाकडे आधीच दाद मागितली होती. या भागात केईएम रुग्णालयाने केलेल्या पाहणीत सुमारे 67 टक्के लोकांनी महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा श्वास घ्यायला त्रास होत असल्याचं सांगितलं होतं. इथल्या हवेमुळे माहुल आणि आंबापाडा गावांतल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असा निष्कर्ष लवादाने डिसेंबर 2015 मध्ये काढला.

हा निष्कर्ष सरकारी दप्तरात असतानाच दोन वर्षांनी तिथे आणखी कुटुंबं धाडली गेली. सगळा खटला या एका गोष्टीभोवती फिरतो.

न्यायालय अशा निर्णयात हात घालू शकतं का?

झोपडपट्टीवासीयांना कुठे वसवायचं, हे ठरवणं सरकारचं काम आहे. पण तो निर्णय घेताना समोर असलेली महत्त्वाची माहिती डावलली गेली का, आणि त्यातून मूलभूत हक्कांवर गदा आली का, हे उच्च न्यायालय कलम 226 खाली तपासू शकतं. कलम 21 मधला जगण्याचा हक्क नुसत्या श्वासोच्छ्वासापुरता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये मुंबईच्याच फुटपाथवासीयांच्या ‘ओल्गा टेलिस’ खटल्यात सांगून ठेवलं आहे. माहुलमध्ये तर श्वासाचाच प्रश्न होता!

ऑगस्ट 2018 मध्ये न्यायालयाने सरकारला पर्याय दिला : दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा 15 हजार रुपये भाडं द्या. त्याच महिन्यात, 8 तारखेला, माहुलच्या बीपीसीएल प्रकल्पात स्फोट झाला. कारखान्यांपासून असलेला धोका आता वेगळा सिद्ध करायची गरज उरली नव्हती.

इतरत्र एवढी घरं नाहीत, असं सरकारचं म्हणणं होतं. एप्रिल 2019 मध्ये न्यायालयाने 15 हजारांचं भाडं आणि 45 हजारांची अनामत देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर 2019 च्या निकालात तो कायम राहिला. कुणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, हेही स्पष्ट झालं.

निकालाने प्रश्न सुटला का?

अर्धाच. न्यायालय निर्णय रोखू शकतं, पैसे द्यायला लावू शकतं. घरं बांधून देऊ शकत नाही. म्हणून भाडं हा मधला मार्ग. 15 हजारांत चेंबूर किंवा घाटकोपरला कुटुंबासह राहायला जागा शोधून पाहिलेल्यांना तो किती अरुंद आहे, हे सांगायला नको. शिवाय हक्क मान्य होईपर्यंतचा काळ लोकांनी त्याच हवेत काढला, त्याची भरपाई कुठल्याच आदेशात बसत नाही.

इमारती मात्र तिथेच आहेत. 2025 मध्ये महापालिकेने माहुलमधली हजारो रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत सुमारे 12.60 लाख रुपये, मुंबईच्या मानाने जवळपास फुकट. प्रतिसाद इतका थंड होता की अर्जांची मुदत वाढवावी लागली.