चुलीची वाया जाणारी आच आणि न्हाणीघरातले पाणी

जयपूरच्या विद्याधर नगर या वसाहतीला ज्यांचे नाव दिले आहे, ते विद्याधर भट्टाचार्य म्हणजे अठराव्या शतकात सवाई जयसिंगांच्या जयपूरची आखणी करणारे पंडित. वसाहतीचा आराखडा १९८०च्या दशकात तयार केला तो पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी. उन्हाची दिशा, वाऱ्याची वाट, भिंतींची सावली यांचा हिशोब मांडून वसाहतीने स्वतःच ऊर्जेची बचत करावी, हा त्या आराखड्यामागचा एक मुख्य विचार होता. अशा ठिकाणाचे नाव घेऊन सरपणाच्या चुलीचा विषय काढणे काहींना विसंगत वाटेल. तिथे स्वयंपाकाचा गॅस आहे, चुलीचा प्रश्न तिथे केव्हाच मिटला, असे म्हणता येईल.

तो अर्धाच मिटला आहे. जानेवारीत जयपूरचा पारा रात्री आठ अंशांच्या आसपास उतरतो आणि प्रत्येक घराला स्वयंपाकाखेरीज आणखी एका कामासाठी उष्णता लागते, ती म्हणजे आंघोळीचे पाणी. विद्याधर नगरातल्या घरात त्यासाठी विजेचा किंवा गॅसचा गीझर असतो. (बंद न्हाणीघरात गॅसच्या गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावल्याच्या बातम्या उत्तर भारतात हिवाळ्यामागून हिवाळा येत राहतात, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही.) शहराबाहेरच्या ढाणीत हाच प्रश्न पहाटे अंगणात तीन दगड मांडून सोडवला जातो. महाराष्ट्रातल्या खेड्यांतही चित्र वेगळे नाही. आंघोळीचे पाणी हा घरातला दुसरा जाळ आहे आणि चूल सुधारण्याच्या देशातल्या जवळजवळ सगळ्या प्रयत्नांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आहे.

मराठी घराला हा जाळ अपरिचित नव्हता. जुन्या चुलीला शेजारी वैल असे. मुख्य तोंडावर भाकरी किंवा भात, आणि आतून वाहत येणाऱ्या आचेवर वैलावर वरण किंवा नुसते पाणी. वैलासाठी वेगळे लाकूड लावले जात नसे. चुलीने टाकून दिलेली उष्णता तो उचलत असे. पाण्याचे प्रमाण वाढले की काम बंबाकडे जाई. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली निखारे, वर धूर जायला वाट आणि बाजूला तोटी. उत्तरेकडे अशाच साधनाला हमाम म्हणतात. (आग लावून पाणी तापवणारा आणि पाणी मारून आग विझवणारा, दोघांनाही मराठीने बंब हे एकच नाव द्यावे, ही भाषेची गंमत.) वैलात कल्पना होती, पण पाण्याचा साठा नव्हता, बंबात साठा होता, पण त्याला स्वतंत्र जाळ लागे. दोन्हींना एकत्र आणणे, म्हणजे स्वयंपाकाच्याच चुलीच्या धुरावर पाण्याची टाकी तापवणे, हे काम वरकरणी सोपे दिसते. प्रत्यक्षात तिथेच बहुतेकांची फसगत होते.

भारतातल्या चूल-संशोधनाची परंपरा लहान नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून मगन चूल निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धूररहित चूल घडवली आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अस्त्र या गटाने तीन भांड्यांची चूल शास्त्रीय मोजमापांवर बसवली. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो गुंडाळला जाईपर्यंत, सरकारी आकड्यांप्रमाणे, तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या. महाराष्ट्रात या कामाची तांत्रिक बाजू पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सांभाळली.

बसवलेल्या चुलींपैकी फार थोड्या टिकल्या. पुढे ओडिशात रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षी धूर कमी झालेला आढळला आणि नंतर तो लाभ विरून गेला. लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत, धुराडी साफ केली नाहीत, सरपणाची बचतही दिसली नाही. या निष्कर्षाचा अर्थ गावकऱ्यांना आरोग्याची समज नाही, असा लावणे सोयीचे आहे, पण अन्यायाचे आहे. धुरापासून मुक्तता हा वीस वर्षांनी फुप्फुसात दिसणारा फायदा. रोज पहाटे सर्वांच्या आधी उठून पाण्याखाली जाळ घालणाऱ्या बाईला दोन बादल्या गरम पाणी आयते मिळाले, तर तो फायदा दुसऱ्याच दिवशी हाताला लागतो. ती चूल लिंपली जाईल आणि तिचे धुराडेही झाडले जाईल, कारण धुराडे तुंबले की पाणी तापणार नाही.

हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. दोन मोठ्या बादल्या, म्हणजे ४० लिटर पाणी, १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे तर साधारण ५ मेगाज्यूल. हवेत वाळलेल्या एक किलो लाकडात १५ ते १६ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे तत्त्वतः पाव किलोहून थोडे जास्त, फार तर एक तृतीयांश किलो लाकूड पुरावे. तीन दगडांच्या उघड्या जाळावर मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्याला मिळते, त्यामुळे तेच काम तीन किलोंहून अधिक लाकूड खाते. आता संध्याकाळच्या स्वयंपाकाकडे पाहावे. दोन किलो लाकूड जळले तर ३० मेगाज्यूल सुटतात. चांगल्या चुलीतही त्यातला पाव हिस्सा पातेल्यात जातो. उरलेले बावीस-तेवीस मेगाज्यूल चुलीच्या अंगात मुरतात आणि धुरावाटे निघून जातात. या वाया जाणाऱ्या भागातला चौथा हिस्सा जरी अडवता आला, तरी ४० लिटर पाणी वेगळ्या काडीविना तापते.

प्रश्न तो कुठे अडवायचा हा आहे. पहिला मोह जाळाभोवतीच पाण्याची दुहेरी भिंत बसवण्याचा होतो, कारण उष्णता तिथे सर्वांत जास्त. हौशी कारागिरांनी केलेल्या अशा चुलींत पाणी झटपट तापते आणि बनवणाऱ्याला यश आल्यासारखे वाटते. पण लाकूड जळते म्हणजे मुख्यतः त्यातून निघणारे वायू जळतात, आणि ते पुरते जळायला सहाशे-सातशे अंशांहून अधिक तापमान, पुरेशी हवा आणि ज्योतीला वाढायला जागा हवी. पाण्याने भरलेली भिंत शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही. ज्योत तिला टेकली की अर्ध्यावर विझते. न जळलेला कार्बन काजळी होतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि भिंतीवर डांबरासारखा चिकट थर बसतो. तो थर उष्णतेला अडवतो, म्हणून काही आठवड्यांत पाणीही पूर्वीसारखे तापेनासे होते. सुधारणा म्हणून केलेली चूल जुन्या चुलीपेक्षा जास्त धूर सोडते.

म्हणून जाळाची खोली कोरडी आणि गरमच राहिली पाहिजे. तिच्या भिंती उष्णतारोधक मातीच्या असाव्यात: राख, भाताचा कोंडा किंवा भुसा मिसळून भाजलेल्या, हलक्या. ज्योत पातेल्याच्या बुडाला लागून पुढे सरकावी, आणि पातेले ओलांडल्यावर, धूर धुराड्याकडे वळताना, त्याच्या वाटेवर पाणी यावे. वैलाची जागा नेमकी तीच होती.

तिथेही लोभ आवरावा लागतो. धुराडे ओढते ते आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम आणि हलकी असते म्हणून. टाकीने धुरातली सगळी उष्णता शोषली तर ओढ मरते आणि धूर चुलीच्या तोंडातून स्वयंपाकघरात परततो. सव्वाशे-दीडशे अंशांच्या खाली धूर उतरू देऊ नये, म्हणजे धुराड्याची ओढ राहते आणि त्यातली वाफ आतच थिजून ओघळत नाही. थोडी उष्णता मुद्दाम वाया घालवणे हा इथे रचनेचाच भाग आहे. पाण्याच्या कार्यक्षमतेचा मोठा आकडा मिरवणाऱ्या प्रत्येक चुलीबद्दल पहिली शंका हीच घ्यावी की धुराड्याच्या वाट्याला तिने काय ठेवले.

दुसरा अडथळा वेळेचा. चूल जोरात पेटते संध्याकाळी. पाणी हवे पहाटे. हा दुवा जोडते ती टाकीभोवतीची गोधडी, आणि बहुतेक नमुन्यांत नेमकी तीच विसरली जाते. पन्नास अंशांचे ४० लिटर पाणी उघड्या पत्र्याच्या टाकीत पंधरा अंशांच्या खोलीत आठ तास ठेवले तर ते पंचविसाच्या आसपास उतरते, म्हणजे पुन्हा जाळ घालणे आले. त्याच टाकीभोवती पाच सेंटिमीटर जाडीचा कोरडा भुसा किंवा कोंडा गच्च दाबून बसवला, तर पहाटे पाणी चाळिशीच्या वर, बहुधा पंचेचाळिशीच्या आसपास राहते. भुशाचा खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि तो ओला होऊ नये एवढीच काळजी घ्यायची आहे.

सुरक्षिततेबद्दल दुमत असू नये. टाकी कधीही पूर्ण बंद नसावी. वर उघडी नळी हवीच, नाहीतर वाफेचा दाब चुलीला बॉम्ब करतो. चुलीतून फिरणाऱ्या नळ्या रुंद असाव्यात आणि सतत चढत्या असाव्यात, म्हणजे तापलेले पाणी आपोआप वर टाकीत जाते आणि गार पाणी खालून येते. पंप लागत नाही. राजस्थानात, तसेच मराठवाड्यातही, बऱ्याच ठिकाणी भूजलात क्षार फार. अरुंद नळीचे वेटोळे तिथे दोन हिवाळ्यांत चुनखडीने बंद पडते. अशा गावांना नळ्यांपेक्षा झाकण काढून आतून खरवडता येणारी साधी टाकीच बरी.

ही सगळी माहिती नवी नाही. मग अशी चूल कोणी मनावर का घेत नाही? एक कारण मोजपट्टीत दडले आहे. घन जैवइंधनाच्या चुलींसाठी असलेले भारतीय मानक आयएस १३१५२ पंख्याविना चालणाऱ्या चुलीकडून किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीकडून ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमता मागते, आणि कार्बन मोनॉक्साइड व धूलिकणांवर मर्यादा घालते. मर्यादा योग्यच आहेत. पण चाचणीत उष्णता मोजली जाते ती स्वयंपाकाच्या भांड्यातल्या पाण्यात. धुराच्या वाटेवर ४५ अंशांपर्यंत तापलेल्या दोन बादल्यांना कसलेही श्रेय मिळत नाही. जे मोजले जात नाही ते घडवण्याचा खटाटोप संशोधक किंवा कारखानदार कशासाठी करतील?

याचा परिणाम चंद्रपूर जिल्ह्यात उघड दिसतो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसच्या जोडण्या गावोगाव पोहोचल्या. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे ग्रामीण भारतात ४३ टक्केच होती. ज्या घरांत गॅस आला, तिथेही पाणी सरपणावरच तापत राहिले. आंघोळीच्या पाण्यासाठी सिलिंडर जाळणे कोणालाच परवडत नाही. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या परिसरात सरपण आणायचे म्हणजे वाघाच्या जंगलात जायचे. तिथे लाकूड वेचताना माणसे मारली गेली आहेत. वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्ट या संस्थेने त्या भागात कमी लाकडावर चालणारे बंब घरोघरी देण्याचा उपक्रम हाती घेतला तो या जाणिवेतूनच. व्याघ्रसंरक्षणाचे काम करणाऱ्यांना न्हाणीघराची आठवण व्हावी आणि चूल-धोरण आखणाऱ्यांना ती होऊ नये, हे चमत्कारिक आहे.

सौर बंब हे उत्तर लगेच पुढे केले जाते. जयपूरसारख्या लख्ख उन्हाच्या शहरात, विद्याधर नगरातल्या पक्क्या गच्चीवर, ते उत्तम उत्तर आहे आणि गीझरच्या जागी ते यायलाच हवे. पण त्याला गच्ची लागते, वर टाकी लागते, टाकीत चढणारे नळाचे पाणी लागते. कौलारू छपराच्या आणि हंड्याने पाणी भरणाऱ्या घराला त्याचा उपयोग नाही. गॅस पूर्णपणे आला की चूल जाईल, हा दुसरा युक्तिवादही स्वयंपाकापुरताच खरा ठरतो. शिवाय ज्या घरांत पुढची दहा-पंधरा वर्षे चूल पेटणारच आहे, त्यांनी तोवर थांबावे असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

राजस्थानातच, उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात, चुलींच्या चाचणीची सोय आहे. मानकात दुसऱ्या भांड्याची नोंद वाढवायला नवी प्रयोगशाळा लागणार नाही. स्वयंपाकाची चाचणी नेहमीसारखी घ्यावी, धुराच्या मर्यादा तिळमात्र सैल करू नयेत, आणि त्याच्या जोडीला आणखी दोन आकडे लिहावेत: चूल विझल्यावर रात्री नऊ वाजता टाकीतले पाणी किती अंशांवर होते आणि पहाटे पाच वाजता किती अंशांवर राहिले.