नाभिकांचे बुडालेले भाडे

सन 2020 च्या टाळेबंदीत मार्चपासून जूनअखेरपर्यंत सरकारी हुकुमाने नाभिकांची दुकाने बंद राहिली; भाडे मात्र चालूच होते. 2021 त ती पुन्हा बंद झाली. तेव्हा फेरीवाले व रिक्षावाले यांस सरकारने 1,500 रुपये देऊ केले. त्या यादीत नाभिक नव्हते. पुढे सप्टेंबर 2023 त विश्वकर्मा योजनेत त्यांचा समावेश झाला, हे योग्यच झाले. परंतु तीत अवजारांसाठी 15,000 रुपये व शिक्षणकाळचा भत्ता वगळता बाकी मुख्यतः शेकडा पाच व्याजाचे कर्ज! गेलेल्या भाड्याची भरपाई नव्या कर्जाने कशी व्हावी? 1890 त मुंबईत विधवांचे केशवपन नाकारून ज्यांनी मजुरीपेक्षा विवेक थोर मानला, ते भीक मागत नाहीत. बंद महिन्यांचे भाडे सरकारने रोख द्यावे. नारायण पेठेतील व्यापाऱ्यांनी या मागणीवर आपल्या सह्या कराव्या.